खुर्चीतला खळगा

३ फेब्रुवारी

ताई,

आधी यादी वाच, मग बाकीचं.

शेजाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या, बैठका नव्या. समोरच्या शिंप्याचं स्टूल. वरच्या मजल्यावरच्या मावशींची आरामखुर्ची, बैठक आणि पाठ दोन्ही. न्हाव्याच्या दुकानातला वाट बघण्याचा बाक. दाताच्या डॉक्टरांच्या सहा खुर्च्या. बुधवारी आमचा दारू सोडलेल्यांचा गट जिथे भरतो त्या सभागृहातल्या बावीस. दोन टोपल्या, एक दिव्याची टोपी. आणि एक पाळणा. बाळ कुणाचं ते अजून ठरलेलं नाही, पण पाळणा तयार आहे.

सगळं वेताचं, सगळं या दोन हातांनी, आणि सगळं दारू सोडल्यापासूनच्या सात महिन्यांत. शिकवायला कोणी नव्हतं. वजनकाटे दुरुस्त करायला तरी मला कोणी शिकवलं होतं? एक फाटकी खुर्ची घेतली, ती पट्टी पट्टी उलगडत गेलो आणि उलट्या क्रमाने विणत परत आलो. आधी उभ्या दोन पट्ट्या, मग आडव्या दोन, मग तिरप्या दोन, एक इकडून आणि एक तिकडून. पट्टी भिजवून ओढायची, वाळली की ती आपली आपण ताणून बसते. माझ्या बैठकीवर नाणं टाकलं तर टप्पा घेऊन परत हातात येतं. बाजारात कुणाचं येतं ते मला दाखव.

यादीतलं शेवटचं मुद्दाम वेगळं लिहितो. हिच्या बाबांची खुर्ची. ती बैठक इतकी ढिली झाली होती की मधे वाडगं ठेवलं असतं तर मावलं असतं. तिला हात लावायचा नाही असं ही दर आठवड्याला बजावायची, खर्च नको म्हणून म्हणत असेल असं मला वाटलं. ही कामावर असताना एका दिवसात जुनं कापून नवं विणलं, संध्याकाळी दाखवलं. ही बसली, उठली, अवाक झाली. मग पिशवी भरली आणि ताईंकडे चार दिवस जाऊन येते म्हणाली. त्या चार दिवसांचे तीन आठवडे झाले.

ताई, हिशेब कुठे चुकतोय ते मला कळत नाही. मी प्यायचो तेव्हा ही इथे राहिली, आणि पिणं सुटल्यावर गेली. लोक उलटं करतात. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहावं लागतंय. ही यादी हिला वाचून दाखव आणि घर अगदी तयार आहे म्हणून सांग.

तुझा
भुंग्या

९ फेब्रुवारी

भुंग्या,

फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू पाण्यासारखं खोटं बोलतोस. कागदावर तुला ते जमत नाही, कारण अक्षर घोटता घोटता खरं काय ते तुझ्याच हाताला आठवतं. लहानपणी घरातल्या प्रत्येक लाकडाला भोक पाडून ठेवायचास आणि विचारलं की भुंगा आला होता म्हणायचास. नाव त्यावरूनच पडलं, विसरला असशील तर सांगते.

यादी वाचून दाखवली. वहिनी माझ्या जुन्या सोफ्यावर बसली होती, ज्याची एक स्प्रिंग वर आली आहे. पाळण्यापर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाली, "ताई, त्यांना विचारा, यातल्या कशावर मी बसले?"

तेच मी तुला विचारते. तुझी बायको दवाखान्याच्या कपडेखोलीत दिवसभर उभी राहून चादरी मोजते. घरी आली की बाहेरच्या खोलीत लोकांच्या तेरा खुर्च्या, प्रत्येकीच्या मधोमध भोक, आणि तू त्यातल्या एकीखाली उताणा. बाबांच्या खुर्चीपर्यंतही वाट नसायची, म्हणून ती जिन्याच्या पायरीवर बसून चहा प्यायची हे मला आत्ता कळलं. ती तक्रार करायची म्हटलं तर काय करणार? नवरा पीत नाही, घरी असतो, हाताला काम आहे. शेजारणी तिला भाग्यवान म्हणायच्या. ती म्हणते, पूर्वी संध्याकाळी हे घरी नसायचे, आता घरी असतात पण नसतातच.

तुझ्या भावोजींचं सांगते. त्यांनी सिगारेट सोडली आणि पेपरमिंट धरलं. दिवसाला दोन पाकिटं. वर्षभरात दोन दाढा गेल्या. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाले, फुप्फुसं मात्र ठणठणीत आहेत. मी हसले, पण बिल बघून हसू आटलं.

आता एका प्रश्नाचं उत्तर दे, काट्यावर तोलून दे. तू विणलेल्या बैठकांपैकी खरोखर फाटलेल्या किती होत्या?

ताई

१४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मला लागलं. पेपरमिंट चघळणं आणि वेत विणणं एका तागडीत घालायला नको होतंस. एकात कौशल्य आहे.

तरी प्रश्न विचारलास म्हणून उत्तर देतो. एकूण बैठका छत्तीस. फाटलेल्या अकरा. उरलेल्या ढिल्या होत्या. ढिली बैठक म्हणजे उद्याची फाटलेली बैठक, आज ना उद्या कुणीतरी करणारच, मग मीच आधी केली तर बिघडलं कुठे?

हे लिहिलं आणि थांबलो. हात पुढे जाईना. तू म्हणतेस ते खरं आहे, कागदावर मला जमत नाही. तेव्हा परवा बुधवारी काय झालं तेही ऐक. ते गमतीदार आहे म्हणून सांगतो, दुसरं काही समजू नकोस.

गटात सगळ्यांत जुने एक निवृत्त बसचालक आहेत. आम्ही त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणतो. त्यांनी दारू सोडली तेव्हा आमच्यातले निम्मे लोक अजून सुरूही झाले नव्हते. परवा मी सभेला तासभर आधी गेलो. सभागृहातल्या बावीसच्या बावीस खुर्च्या माझ्याच हातच्या, सगळ्या कडक, बोट लावायला जागा नाही. मी खुर्च्यांमधून फिरत होतो. मग पहिल्या रांगेतली एक उलटी केली. तिचा एक कोपरा, म्हणजे मीच तो चार महिन्यांपूर्वी विणला होता, मला किंचित कमी ताणलेला वाटला. खिशात पातं होतंच. चार पट्ट्या कापल्या असतील नसतील, मागून आवाज आला.

"कितवी?"

ड्रायव्हरसाहेब दारात उभे होते. मी म्हणालो, "एकच."

ते आत आले, शेजारच्या खुर्चीवर बसले आणि पोट धरून हसले. म्हणाले, "माझंही एकच असायचं."

मला राग आला. मी म्हणालो, हे काम आहे, व्यसन नाही. त्यांनी मान डोलावली आणि एवढंच विचारलं की घरी वेताची जुडी कुठे ठेवतो. मी म्हणालो, फळीवर. ते म्हणाले, सगळी? आता ते कसं ओळखलं देव जाणे. एक जुडी मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे ठेवली आहे, कारण तिथे सावली असते आणि वेत वाळत नाही. पूर्वी त्याच जागी माझी दुसरी वस्तू असायची हा निव्वळ योगायोग आहे. सावली ती सावलीच.

हिच्या खुर्चीचं म्हणशील तर त्यावर माझ्याकडे उपाय आहे. हिला ती पूर्वीसारखी हवी असेल तर मी कडक बैठक कापतो आणि पुन्हा विणतो, मुद्दाम ढिली. मधे चार सूत झोळ ठेवतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तुला शंभरदा सांगितलंय. होकार कळव, वेत भिजत घालूनच ठेवलाय.

तुझा
भुंग्या

२० फेब्रुवारी

भुंग्या,

वेत पाण्यातून काढ.

तुझं पत्र भावोजींनी मोठ्याने वाचलं. सावलीपर्यंत आले आणि त्यांनी तोंडातली पेपरमिंटची गोळी काढून बशीत ठेवली. त्यानंतर दोन दिवस त्यांनी एकही खाल्ली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या चपलेत पाकीट सापडलं. म्हणाले, चप्पल थंड असते.

आता वहिनीनं खुर्चीबद्दल मला काय सांगितलं ते ऐक. ती तुला कधी बोलली नाही, कारण तू विचारलं नाहीस, आणि विचारलं असतंस तर फूटपट्टी घेऊन विचारलं असतंस.

तिचे बाबा तीस वर्षं त्या खुर्चीत बसले. रेडिओ डावीकडे होता आणि त्यांना उजव्या कानाने ऐकू यायचं नाही, म्हणून ते डावीकडे कलून बसायचे. खळगा त्यांचा होता, डावीकडे खोल. ते गेल्यावर खुर्ची तुमच्याकडे आली. तू कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानात असायचास तेव्हा ती त्या खळग्यात बसून वाट बघायची. म्हणाली, बाबांनी धरून ठेवल्यासारखं वाटायचं. ते तू कापलंस आणि कडक केलंस. ती बसली तर खुर्चीने तिला वर फेकलं. तू म्हणतोस अवाक झाली. भुंग्या, ती अवाक झाली नव्हती, तिला बोलायला माणूस नव्हतं.

मी तिला तुझा उपाय सांगितला, मुद्दाम ढिली विणण्याचा. ती म्हणाली, "झोळ विणता येत नाही. तो बसून बसूनच पडतो."

आता तिची अट. मी तिच्याच शब्दांत लिहिते म्हणजे तू मापात काटछाट करणार नाहीस. खुर्चीला सुई, पातं, पाणी काही लावायचं नाही. रोज संध्याकाळी तुम्ही स्वतः तिच्यात बसायचं. हातात काही नाही. तोवर दुसरी एकही खुर्ची विणायची नाही. खळगा पडला की मला कळवायचं, मी येईन.

आणि खळगा पडला नाही तर ती माझ्याकडेच राहील. मला ती जड नाही. आमच्या बेकरीत सकाळची गर्दी तीच सांभाळते, गिऱ्हाईक खूश आहे. तेव्हा घाई माझ्या बाजूने नाही.

ताई

१ मार्च

ताई,

आनंदाची बातमी. खळगा पडला.

आठवड्याभरात तीन सूत. इतक्या लवकर होईल असं मलाही वाटलं नव्हतं. काठावर दोरी ताणून, मधोमध ओळंबा सोडून मोजलं, एकदा नाही, तीनदा. खळगा अगदी मधे आहे, गोल आहे, आणि चारही कडांपासून सारख्या अंतरावर. असा रेखीव खळगा माणसाच्या बसण्याने पडतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. चार पट्ट्या तेवढ्या तुटल्या, पण त्या ताणाखाली तुटणारच.

विणकाम पूर्ण बंद आहे. पातं खिशात नाही, ड्रॉवरमध्ये आहे.

हिला सांग, शनिवारची दुपारची बस धर. मी थांब्यावर येतो. शनिवारी सकाळी मात्र मला धान्याच्या दुकानात जावं लागेल. त्यांचा काटा आठवडाभर अडला आहे. तपासणीची वजनं माझ्याकडे मोकळी नव्हती म्हणून त्यांना थांबवून ठेवलं होतं, आता मोकळी झाली.

तुझा
भुंग्या

६ मार्च

भुंग्या,

तपासणीची वजनं कशात अडकली होती?

मी वाचलं, भावोजींना दिलं, भावोजींनी वाचून वहिनीला दिलं. तिघांनीही पत्र त्याच ओळीवर बोट ठेवून परत केलं. माणूस बसला तर खळगा मागे पडतो, लांबट पडतो, एका बाजूला जास्त पडतो. मधोमध गोल फक्त लोखंडच बसतं. वीस किलोची किती ठेवलीस? दोन की तीन? आणि तू स्वतः कुठे होतास, वजनं तुझ्या वतीने बसली असताना?

मी रागावणार होते. पण वहिनी हसायला लागली. आधी बारीक, मग चहा नाकातून आला, मग टेबलावर डोकं ठेवून. इथे आल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. म्हणाली, माझ्या बाबांच्या जागी साठ किलो लोखंड बसवलं आणि वर ओळंबा लावला. मग म्हणाली, खरं सांगू ताई, त्यांनी ते चोरून केलं, पण मी यावं म्हणून केलं. एवढी धडपड त्यांनी बाटलीसाठीच केलेली पाहिली होती.

एवढ्याने ती येईल असं समजू नकोस. अट तीच आहे. खाली तिनं स्वतः लिहिलंय.

ताई

अहो,
वजनं उचला आणि दुकानदाराचा काटा दुरुस्त करून द्या, त्या बिचाऱ्याचा धंदा अडलाय. त्या चार तुटक्या पट्ट्या तुम्ही बदलायला टपून बसला असाल. त्या तशाच राहू देत. त्यांना हात लावलेला मला ओळखू येईल. आणि बसा.

२९ मार्च

ताई,

तीन ठेवली होती. वीस किलोची तीन, एकावर एक, खाली गोणपाटाची घडी म्हणजे डाग पडू नये. मी स्वयंपाकघरात उभा होतो. उभाच होतो, हे लक्षात घे, बाहेरच्या खोलीतल्या तेरापैकी एकीतही जागा नव्हती. तेव्हा पहिल्यांदा मला जिन्याच्या पायरीची आठवण झाली, आणि चहा घेऊन मी तिथे गेलो. पायरी गार असते. चहाही लवकर गार होतो.

यादी आणि ओळंबा बाजूला ठेवून लिहितोय, तेव्हा अक्षर थोडं वाकडं येईल.

तुमचं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी तेराही खुर्च्या ज्यांच्या त्यांना परत नेल्या. ज्या अर्ध्या होत्या त्या अर्ध्याच. एकजण म्हणाला, अहो पण मधे भोक आहे. मी म्हणालो, माहीत आहे, पुढच्या गल्लीत एक म्हातारा विणतो, त्याच्याकडे द्या. त्या म्हाताऱ्याची वीण माझ्यापेक्षा सैल आहे. हे बोलायला मला काय पडलं ते तुला कळणार नाही. पातं आणि टाकीमागची जुडी ड्रायव्हरसाहेबांना दिली. त्यांनी जुडीचा वास घेतला आणि म्हणाले, चांगला माल आहे.

मग बसलो. पहिल्या संध्याकाळी हात मांडीवर ठेवले तर ते खिशात गेले, खिशातून खुर्चीच्या काठाखाली गेले, तिथे त्या चार तुटक्या पट्ट्या सापडल्या तशा त्यांच्याशी खेळायला लागले. शेवटी मी हातांवरच बसलो. तुटलेलं समोर आहे, सामान कुठे मिळतं ते माहीत आहे, आणि करायचं नाही. बंद बाटली पुढ्यात घेऊन बसणं यापेक्षा सोपं. दोन्ही करून पाहिलंय म्हणून सांगतो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तहान लागली. ती तहान, तुला समजलं असेल. सात महिन्यांत ती एकदाही आली नाही असं मी सभेत छाती काढून सांगायचो. आता वाटतं, आली असणार, बऱ्याचदा आली असणार, पण मी विणत होतो, दार वाजलेलं ऐकूच आलं नाही. या वेळी मी रिकामा होतो, त्यामुळे ती सरळ आत आली. मी ड्रायव्हरसाहेबांना फोन केला. ते चालत आले. बसायला दुसरं काही नव्हतं तर पालथ्या बादलीवर बसले. त्यांनी उपदेश केला नाही. स्वतःचं सांगितलं. त्यांनी सोडली तेव्हा ते बस धुवायला लागले. सकाळी एकदा, दुपारी एकदा, डेपोत परत आल्यावर एकदा. बस इतकी चकचकीत झाली की प्रवासी चढताना पाय पुसायचे, आणि साहेब मागे उभे राहून कुणाचा पुसला नाही ते बघायचे. एकदा एका बाईंना चिखलाच्या चपला आहेत म्हणून चढूच दिलं नाही. त्या बाई डेपोच्या मॅनेजरच्या आई निघाल्या. त्या दिवशी डेपोवाल्यांनी पाण्याचा पाइप त्यांच्या हातातून काढून घेतला. मी हसून हसून खुर्चीत मागे रेललो, आणि तहान कधी गेली ते कळलं नाही.

आता एक गोष्ट लिहितो आणि त्यावर तू काही लिहू नकोस.

ही खुर्ची मी उलटी पाहिली होती, आडवी पाहिली होती, तिच्या चौकटीतली भोकं मला तोंडपाठ होती. तिच्यात बसलो मात्र कधीच नव्हतो. बसल्यावर कळलं की तिथून उजवीकडे दार दिसतं आणि दारातून कोपरा दिसतो, दिव्याच्या खांबापर्यंत. त्या दुकानाकडून येणारा माणूस खांबापाशी दिसला की तो सरळ चालतोय की नाही ते तिथूनच समजतं, आणि त्याला दारापर्यंत यायला बराच वेळ लागतो. मी रोज बसून येणारी-जाणारी माणसं बघतो. ही काय बघत होती ते मला कोणी सांगितलं नव्हतं. खुर्चीने सांगितलं. बस.

आता खळगा. मोजलेला नाही. ओळंबा कुठे ठेवला तेही आठवत नाही. पण हाताला लागतो. लोखंडाचा गोल हळूहळू पुसट होतोय आणि त्याच्या बाजूला दुसरा पडतोय, लांबट आणि वेडावाकडा. आणि एक अडचण आहे, ती लपवत नाही. हिच्या बाबांचा खळगा डावीकडे होता. माझा उजवीकडे पडतोय. मी डावीकडे कलून बसायचा प्रयत्न केला, मान धरली. माझा कल उजवीकडेच आहे. त्याला माझा इलाज नाही. हिला हे सांग आणि जे काय म्हणेल ते कळव. बाबांचा खळगा मला परत आणता येणार नाही. तो मी कापला.

भुंग्या

४ एप्रिल

अहो,

ताईंना बाजूला सारून मीच लिहिते आहे. त्या म्हणतात दोन ओळींत संपव, नाहीतर माणूस पुन्हा यादी करेल.

पत्र वाचलं. बादलीवर पाहुणे बसवता हे बरं दिसत नाही, त्यांच्यासाठी एक साधी लाकडी खुर्ची विकत आणा. विकत, कळलं ना.

खळगा उजवीकडे का पडतो ते मला बघायचंय. शनिवारी दुपारच्या बसने येते. थांब्यावर येऊ नका. घरीच बसा.

१७ एप्रिल

ताई,

बेकरीतली सकाळची गर्दी आता तुलाच बघावी लागत असेल, त्याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही. पाव पोचले. भावोजींना पेपरमिंटचं विचारलं म्हणून सांग.

शनिवारचं तुला हिनं फोनवर सांगितलं असेलच, पण ही निम्मं सांगते. मी सांगितल्याप्रमाणे बसून होतो. ही खांबापाशी दिसली. मला उठून धावावंसं वाटलं, पण घरीच बसा म्हणाली होती, म्हणून बसून बघत राहिलो. पिशवी जड होती, दोनदा हात बदलला. खांबापासून दारापर्यंत किती वेळ लागतो ते मला आता पुरतं माहीत आहे.

ही आत आली. पिशवी ठेवली. मला उठवलं, वाकून बैठकीवरून हात फिरवला. चार तुटक्या पट्ट्यांपाशी हात थांबला, मोजल्या. चारही होत्या. मग बसली. खुर्ची करकरली, पण तिनं हिला वर फेकलं नाही.

थोड्या वेळाने म्हणाली, "खरंच उजवीकडे कलते ही. का हो?"

मी म्हणालो, "उजवीकडे दार आहे."

हिनं पदराने मान पुसली, चष्मा पुसला, तो पुन्हा पुसला. मग म्हणाली, "आता मी आलेय. जरा सरळ बसत जा."

खुर्ची आता हिची. मी नव्या लाकडी खुर्चीवर बसतो, जी मी विकत आणली आणि जिचा मागचा डावा पाय एक सूत आखूड आहे. तिला मी हात लावलेला नाही. डुगडुगते. ड्रायव्हरसाहेब बुधवारी आले की मी त्यांना ती देतो आणि बादली घेतो.

विणकाम अगदीच सोडलं असं नाही, तेही खोटं ठरेल. ठरलंय ते असं. कुणी स्वतःहून फाटकी खुर्ची घेऊन आलं तर आधी ही बघते. फाटली आहे असं ही म्हणाली तरच ती घरात येते. एका वेळी एक. संध्याकाळ झाली की काम आहे त्या पट्टीवर थांबतं, मग ती तिरपी अर्धी का असेना. आत्तापर्यंत दोन आल्या. एकीबद्दल ही म्हणाली, ही काही फाटलेली नाही, बसा अजून पाच वर्षं. तो माणूस बिचारा उचलून घेऊन गेला. मला घाम फुटला होता, पण पाच मिनिटांत उतरला.

आता तुला ज्यासाठी लिहायला बसलो ते. परवा फर्निचरचा मोठा व्यापारी गाडी घेऊन दारात आला. दाताच्या डॉक्टरांकडे त्याने माझ्या सहा खुर्च्या पाहिल्या होत्या. खिशातून नाणं काढून तिथे टाकून पाहिलं होतं, टप्पा घेतला म्हणाला. अशी वीण त्याने कुठे पाहिली नाही, हे कुठल्या संस्थेत शिकलात म्हणून विचारत होता. मी म्हणालो, कुठल्याच नाही. ते त्याने पुन्हा एकदा विचारलं आणि मी पुन्हा एकदा सांगितलं, त्यात मला कमीपणा वाटला नाही.

त्याच्याकडे एका नव्या सभागृहाचं काम आहे. दोनशे चाळीस खुर्च्या, चौकटी तयार, बैठका रिकाम्या. म्हणजे दोनशे चाळीस भोकं, ताई. मी डोळे मिटले तर मला ती रांगेत दिसली. दोन महिन्यांत हव्यात. मी म्हणालो, दिवसभर माझं काट्यांचं काम असतं. तो म्हणाला, मग संध्याकाळी करा. ही आपल्या खुर्चीत बसून चहा पीत होती. माझ्याकडे बघितलं नाही, दाराकडे बघत राहिली. मला ते कोपऱ्याकडे बघणं आता ओळखू येतं.

मी त्याला सांगितलं, संध्याकाळी मला बसायचं असतं.

त्याला वाटलं मी भाव करतोय. आधी नगाला सातशे म्हणाला होता, तो साडेआठशेवर आला. मी पुन्हा तेच सांगितलं. तो माझ्या डुगडुगत्या खुर्चीकडे बघून गेला.

तुला नक्की आकडा हवा असतो म्हणून लिहितो. दोनशे चाळीस खुर्च्या, नगाला साडेआठशे, वेत त्याचा, आगाऊ निम्मे. दोन लाख चार हजार. नको म्हणालो.